चुली वेगळ्या, पण दार उघडे

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातील गटबाजीवर आलेला लेख वाचला. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांसाठी ग्नोम आणि केडीई अशी दोन डेस्कटॉप पर्यावरणे जवळजवळ तीन दशके शेजारी शेजारी उभी आहेत, दोन्हीकडे जगभरचे प्रोग्रामर राबत आहेत आणि दोघांचे काम मात्र एकच आहे, खिडक्या उघडणे, फायली दाखवणे, मेनू मांडणे. तेव्हा हा श्रमाचा निव्वळ अपव्यय असून या मंडळींनी भांडण मिटवून एक व्हावे, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. मी तालुक्याच्या गावी संगणकाचे छोटे वर्ग चालवते. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांवर मुलांना शिकवायचे असल्यामुळे गेली वीस वर्षे मला ही दोन्ही पर्यावरणे आलटून पालटून वापरावी लागली आहेत, आणि त्यांतील मराठी मजकुराच्या चुका कळवण्याचे किरकोळ कामही मी दोन्हीकडे केले आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, लेखकाने भांडण नीट पाहिले, परंतु त्या भांडणात दोघांनी एकमेकांकडून काय काय उचलले याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

मुळात ही दोन बिऱ्हाडे वेगळी का झाली, ते लेखात आले नव्हते. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माटियास एट्रिख याने केडीईची घोषणा केली. त्या काळी लिनक्सवरच्या प्रत्येक प्रोग्रामची बटणे वेगळी, मेनू वेगळे, वागण्याची तऱ्हा वेगळी असे. सामान्य माणसाला वापरता येईल असे सगळे एकसारखे दिसणारे पर्यावरण असावे, ही त्याची साधी इच्छा होती. त्यासाठी त्याने नॉर्वेच्या ट्रोलटेक या कंपनीची क्यूटी ही लायब्ररी, म्हणजे बटणे, मेनू वगैरे रचण्यासाठीचा तयार कोडसंच, निवडली. तांत्रिकदृष्ट्या ती निवड उत्तम होती. अडचण परवान्याची होती. क्यूटी फुकट वापरता येत असे, तिचा कोडही पाहता येत असे, पण त्यात बदल करून बदललेली प्रत इतरांना वाटण्याची मुभा नव्हती. मुक्त सॉफ्टवेअर मानणाऱ्यांच्या दृष्टीने हा पायातलाच दोष होता. त्यामुळे ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी वेगळी चूल मांडली आणि तिला ग्नोम हे नाव दिले. त्यांनी चित्रे संपादित करण्याच्या गिम्प या प्रोग्रामसाठी तयार झालेली, पूर्णपणे मुक्त असलेली जीटीके ही लायब्ररी घेतली.

म्हणजे हे भांडण अहंकाराचे होते त्याहून अधिक तत्त्वाचे होते, हे आधी नोंदवले पाहिजे. अर्थात तत्त्वाच्या भांडणात अहंकार यायला वेळ लागत नाही, आणि येथेही तो आला. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियन या लिनक्सच्या वितरणाने, केडीईचा जीपीएल या मुक्त परवान्याखालचा कोड क्यूटीच्या परवान्याशी जुळत नाही या कारणाने, केडीईला आपल्या संग्रहातून बाहेर काढले. काहींनी तर क्यूटीसारखीच हुबेहूब चालणारी, पण मुक्त, अशी लायब्ररी पहिल्यापासून लिहायला घेतली होती. तिचे नाव ‘हार्मनी’ (म्हणजे सुसंवाद) असावे, हा या प्रकरणातला एक गमतीदार योगायोग. २००० सालच्या सप्टेंबरात ट्रोलटेकने क्यूटी जीपीएल परवान्याखाली खुली केली तेव्हा हा वाद संपायला हवा होता. परंतु मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या वेळीही, आधी झालेल्या परवानाभंगाबद्दल केडीईने त्या त्या कोडच्या मालकांची क्षमा मिळवावी, अशा आशयाचे लिहिले आणि केडीईची मंडळी दुखावली गेली. पुढे २००५ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी, ग्नोमवाले वापरकर्त्यांना मूर्ख समजतात आणि ही वृत्ती म्हणजे रोग आहे, तेव्हा लोकांनी केडीईच वापरावे, असे जाहीरपणे लिहिले. (काही वर्षांनी ते स्वतः ग्नोम वापरू लागले, ही गोष्ट वेगळी.) लेखकाने ‘गटबाजी’ म्हणून जे वर्णन केले आहे ते या थराचे होते, आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही.

पण याच काळात दुसरे काय घडत होते ते पाहावे. ग्नोम उभे राहिले नसते तर ट्रोलटेकला क्यूटीचा परवाना बदलण्याची घाई कशाला झाली असती? १९९८ मध्ये कंपनीने केडीईबरोबर एक करार केला, ज्यानुसार कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणे थांबवले तर एका स्वतंत्र न्यासाला ती अधिक मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर नवा परवाना आला, मग जीपीएल, आणि २००९ मध्ये, कंपनी नोकियाच्या ताब्यात गेल्यावर, एलजीपीएल हा त्याहून सैल मुक्त परवाना. शेवटी क्यूटी त्याच परवान्यापर्यंत येऊन पोहोचली जो जीटीकेचा आरंभापासून होता. यामागे इतरही व्यापारी कारणे असतील. तरी प्रतिस्पर्धी शेजारी पूर्ण मुक्त लायब्ररी घेऊन उभा होता हे कारण त्यांत मोठे होते, असे माझे मत आहे. ज्यांनी वेगळी चूल मांडली त्यांच्यामुळे पहिल्या चुलीवरचे कुलूप निघाले. दोघांनी १९९७ मध्येच एकत्र येऊन काम केले असते तर काही मनुष्यवर्षे वाचली असती, पण ते कुलूप निघाले असते की नाही, याची मला शंका आहे.

२००० सालीच आणखी एक घटना घडली. ग्नोममध्ये काम करणाऱ्या हॅवक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप नावाचा एक सामाईक ओटा बांधला, जेथे दोन्ही घरची माणसे बसून बोलू शकतील. तेथे मोठे सिद्धान्त मांडले गेले नाहीत. मेनूत प्रोग्रामचे नाव कोणत्या फाइलमध्ये कसे लिहावे, टाकून दिलेल्या फायली कचरापेटीत कोठे ठेवाव्यात, चित्रांचे संच कोणत्या फोल्डरात असावेत, एका खिडकीतून उचललेली वस्तू दुसऱ्या खिडकीत कशी टाकावी, असल्या घरगुती बाबी ठरल्या. कंटाळवाणी कामे खरी, पण त्यांच्यामुळेच आज माझ्या वर्गातील मुलगा केडीईसाठी लिहिलेला चित्रकलेचा प्रोग्राम ग्नोमवर बसवतो तेव्हा तो आपोआप मेनूत दिसतो, आणि हे दोन वेगळ्या घरांचे आहे याची त्याला जाणीवही नसते.

या ओट्यावर घडलेली मला सर्वांत आवडणारी गोष्ट डी-बसची आहे. एका डेस्कटॉपवर चालणाऱ्या अनेक प्रोग्रामना एकमेकांना निरोप द्यावे लागतात. पेनड्राइव्ह लावला हे एकाला कळले की त्याने ते दुसऱ्याला सांगायचे असते. ग्नोमने यासाठी कॉर्बा नावाची मोठी, अवजड व्यवस्था पत्करली होती. केडीईनेही आधी कॉर्बाच करून पाहिली, ती जड वाटल्यावर सोडून दिली आणि डीकॉप नावाची छोटी, सुटसुटीत पद्धत स्वतः तयार केली. ही पद्धत चांगली आहे हे ग्नोमच्या बाजूच्या मंडळींनाही दिसत होते. मग २००२ पासून पेनिंग्टन प्रभृतींनी डी-बस लिहायला घेतली तेव्हा त्यांनी डीकॉपचा आदर्श समोर ठेवल्याचे मोकळेपणी सांगितले. प्रतिस्पर्ध्याची कल्पना घेतली, हे कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती लिहिताना त्यांनी आपल्या घरची, ग्नोममध्ये सर्रास वापरली जाणारी जीलिब ही लायब्ररी मुद्दाम बाजूला ठेवली आणि साध्या सी भाषेत काम केले, जेणेकरून उद्या केडीईला ही वस्तू घ्यावीशी वाटली तर तिच्याबरोबर शेजाऱ्याचे सगळे सामान ओढून न्यावे लागू नये. ज्याने कधी प्रोग्राम लिहिला आहे त्याला हा त्याग किती किचकट असतो ते कळेल. हाताशी असलेली अवजारे न वापरता प्रत्येक यादी, प्रत्येक शब्दमाला पुन्हा हाताने रचावी लागते. जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली तेव्हा केडीईने स्वतःचे, व्यवस्थित चालणारे डीकॉप सोडले आणि डी-बस घेतली. म्हणजे केडीईची कल्पना ग्नोमवाल्यांच्या हातून नवे रूप घेऊन पुन्हा केडीईत माघारी आली. यात कोण जिंकले, ते त्या लेखाच्या लेखकांनी सांगावे.

ब्राउझरच्या बाबतीतही असेच घडले, फक्त मध्ये एक बलाढ्य पाहुणा आला. केडीईच्या काँकरर या ब्राउझरसाठी लार्स नॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केएचटीएमएल हे वेबपाने मांडून दाखवणारे इंजिन लिहिले होते. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने आपला सफारी हा ब्राउझर जाहीर केला तेव्हा त्याच्या पोटात हेच इंजिन असल्याचे जगाला कळले. कोड नेटका आणि लहान, एक लाख चाळीस हजार ओळींपेक्षाही कमी, हे निवडीचे एक कारण ॲपलच्या अभियंत्याने केडीईला कळवले होते. सुरुवातीची काही वर्षे ॲपल आपले बदल एकगठ्ठा, कोणालाही उलगडणार नाहीत अशा रीतीने परत देत असे. परवान्याचे अक्षर पाळले जात होते, पण शेजारधर्म पाळला जात नव्हता, आणि केडीईच्या लोकांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. २००५ मध्ये ॲपलने वेबकिटचे, म्हणजे या इंजिनाच्या आपल्या आवृत्तीचे, काम सर्वांसमोर उघडे केले. पुढे ग्नोमनेही आपल्या ब्राउझरमधले जुने इंजिन काढून वेबकिट बसवले. केडीईच्या घरी जन्मलेले पोर ॲपलच्या घरी वाढून ग्नोमच्या घरी नांदायला आले. गूगलचे क्रोमही त्याच कुळातले.

आता मराठी वाचकांशी थेट संबंध असलेल्या भागाकडे येते, कारण तो त्या लेखात अजिबात नव्हता. देवनागरी पडद्यावर उमटवणे हे रोमन लिपीइतके सरळ नसते. ‘किती’ हा शब्द संगणक साठवतो तेव्हा क आधी असतो आणि पहिली वेलांटी नंतर; दाखवताना मात्र ती वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘दर्या’ या शब्दात र चा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, तर ‘दऱ्या’ या शब्दात तो रफार न होता आडवा, पापणीसारखा य ला चिकटतो. समुद्र आणि डोंगरांमधली दरी यांतला फरक त्या एका पापणीवर अवलंबून आहे. हिंदीला या पापणीची सहसा गरज पडत नाही. मराठीला ती पदोपदी लागते, नाही तर आचाऱ्यांना दिलेले आमंत्रण आचार्यांना पोहोचायचे. अक्षरांची ही जुळणी करणारे सॉफ्टवेअर फॉण्टपेक्षा वेगळे असते, आणि ते चुकले की उत्तमातला उत्तम फॉण्टही निरुपयोगी ठरतो. वीस वर्षांपूर्वी माझ्याच संगणकावर एकच मराठी मजकूर दोन प्रोग्राममध्ये उघडला तर दोन तऱ्हांनी दिसत असे; एकात वेलांटी जागेवर, तर दुसऱ्यात ती अक्षराच्या मागे जाऊन बसलेली.

याचे कारण असे होते की फ्रीटाइप या फॉण्ट पडद्यावर उमटवणाऱ्या मुक्त प्रकल्पातील जुळणीचा कोड दोन्ही घरांनी आपापल्या परीने उचलला होता. ग्नोमच्या बाजूने तो पँगो या लायब्ररीत गेला, केडीईच्या बाजूने क्यूटीत. दोघे त्यात वेगवेगळ्या दुरुस्त्या करत होते, आणि एकाने सुधारलेली चूक दुसऱ्याकडे तशीच राहत होती. या ठिकाणी त्या लेखातील अपव्ययाची तक्रार शंभर टक्के लागू पडते. आणि नेमक्या याच ठिकाणी दोघांनी ती ओळखून हात मिळवले. दोन्ही प्रती एकत्र करून फ्रीडेस्कटॉपच्या ओट्यावर हार्फबझ नावाचा एकच प्रकल्प सुरू झाला. क्यूटीच्या बाजूने त्यात वर उल्लेख केलेले लार्स नॉलच होते. पँगोच्या बाजूने बेहदाद एस्फाहबोद हे मूळचे इराणचे प्रोग्रामर होते, आणि पुढे त्यांनी हे इंजिन जवळजवळ पहिल्यापासून नव्याने लिहून काढले. नावही त्यांच्या भाषेतले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, जो शब्द ‘हरफ’ म्हणून आपल्याकडेही आला, आणि ‘बाज’ म्हणजे उघडे. आपल्या ‘दगाबाज’मधला बाज तो निराळा. येथेही डी-बससारखीच काळजी घेतली गेली. हे इंजिन ना जीलिबवर अवलंबून आहे ना क्यूटीवर, आणि परवाना इतका सैल आहे की कोणीही ते उचलावे. परिणामी ते दोन डेस्कटॉपांपुरते राहिले नाही. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस हे सगळे देवनागरीची जुळणी हार्फबझकडून करून घेतात. आपल्या दैनिकाची ऑनलाइन आवृत्ती अँड्रॉइडच्या मोबाइलवर वाचणाऱ्याला जोडाक्षरे नीट दिसतात, ती पूर्वी एकमेकांचे तोंडही पाहू इच्छित नव्हते अशा दोन समुदायांच्या या भागीदारीमुळे.

याच्या शेजारी आपल्याकडील जुन्या फॉण्टांची स्पर्धा ठेवून पाहावी, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. नव्वदच्या दशकात मराठी फॉण्ट बनवणाऱ्यांतही चुरस होती आणि त्यांतील कित्येक फॉण्ट देखणे होते. परंतु कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, याचा तक्ता प्रत्येकाने आपापला ठेवला आणि तो दुसऱ्याला कळू दिला नाही. एका फॉण्टात टंकलेला अहवाल दुसऱ्यात उघडला की रोमन अक्षरांची खिचडी समोर येई. भारतीय मानक ब्यूरोचा इस्की हा सामाईक संकेत १९९१ पासून उपलब्ध होता, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेताने देवनागरीची मांडणी त्याच्याच आधीच्या रूपावरून घेतली. तरी आपल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत बंद तक्तेच चालू राहिले. माझ्या स्वतःच्या जुन्या शिकवणीच्या टिपणांचे दोन गठ्ठे अशाच एका फॉण्टात अडकून पडले आहेत आणि तो फॉण्ट आता कोठे मिळत नाही. स्पर्धा तेथेही होती, येथेही आहे. तेथे एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती, एवढा एकच फरक. हे चित्र पुढे बदलले ते खुल्या परवान्यांमुळे. २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉण्ट जीपीएलखाली खुले केले आणि ग्नोम-केडीई दोघांनाही ते एकाच वेळी वापरता आले.

मात्र सगळे गोड झाले असेही मी म्हणणार नाही. खिडकीच्या वरची पट्टी प्रोग्रामने स्वतः काढावी की डेस्कटॉपने, यावर वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या व्यवस्थेच्या काळातही दोघांचे एकमत नाही. ग्नोम पहिल्या मताला चिकटून आहे, केडीईला दोन्ही चालते, आणि मधल्या मध्ये इतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ओढाताण होते. घड्याळाशेजारची छोटी चिन्हे ग्नोमने काढून टाकली, केडीईने ठेवली. २००९ मध्ये ग्रान कानारिया बेटावर आणि २०११ मध्ये बर्लिनमध्ये दोघांनी आपली वार्षिक संमेलने एकत्र भरवली, आणि नंतर पुन्हा वेगवेगळी भरवू लागले. ही संमेलने कायमची एकत्र का राहिली नाहीत याचे काहींना वाईट वाटते. मला वाटत नाही. सख्ख्या भावांनीही वेगळे राहून सणाला एकमेकांकडे जावे, हे पुष्कळदा एका छताखाली धुसफुसत राहण्यापेक्षा बरे असते. २०१९ पासून लिनक्सच्या ॲप्सविषयीची एक परिषद हे दोघे मिळून भरवतात, तेवढी ये-जा मला पुरेशी वाटते.

तेव्हा लेखकाच्या ‘एक व्हा’ या सल्ल्याऐवजी वेगळी चौकशी व्हावी, अशी माझी सूचना आहे. एखाद्या समुदायाविषयी लिहिताना त्याचे भांडण कोणाशी आहे एवढेच न विचारता, त्याचा कोड शेजाऱ्याला वाचता येतो का, परवाना तो उचलू देतो का, आणि उचललेल्याचे ऋण जाहीरपणे मान्य होते का, हेही विचारले जावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईची भारतीय परिषद पुण्याला सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ग्नोमची आशियाई परिषद बंगळुरूत झाली. दोन्हींविषयी मराठी वृत्तपत्रांत माझ्या तरी वाचनात काही आले नाही. भांडणाला मात्र पुरवणीचे अर्धे पान मिळाले. पुढच्या खेपेला आपला एखादा प्रतिनिधी अशा परिषदेला गेला, तर तेथे दोन्ही घरची मुले एकाच टेबलाशी बसून एकाच लायब्ररीतली चूक शोधताना त्याला दिसण्याचा बराच संभव आहे.

आपली,
एक नियमित वाचक, कराड

ता. क. : लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘या दोन समुदायांमधील दऱ्या बुजवायला हव्यात’ असे वाक्य आहे. आपल्या ऑनलाइन आवृत्तीत ते बरोबर दिसते. छापील अंकात मात्र ‘दर्या बुजवायला हव्यात’ असे छापले गेले आहे. छपाईच्या यंत्रणेत जुन्या फॉण्टात रूपांतर करताना हे होत असावे. संबंधितांना कळवावे ही विनंती.